आधी कडू की आधी गोड? (गीता १८ : ३७ ते ३९)



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८ वा, श्लोक ३७, ३८ आणि ३९.

थोडक्यात अर्थ : अठराव्या अध्यायात भगवंत ज्ञान, कर्म, कर्ता, बुद्धी, धृती अशा एकेका गोष्टीचे तीन-तीन प्रकार सांगत येतात आणि इथे सुखापाशी पोहोचतात. सुरुवातीला विषासारखं वाटणारं आणि शेवटी अमृतासारखं होणारं ते सात्त्विक सुख. सुरुवातीला गोड आणि परिणामी विष, ते राजस. आणि जे सुरुवातीलाही आणि शेवटीही माणसाला भुलवून ठेवतं, झोपेतून, आळसातून, बेफिकिरीतून येतं, ते तामस.

हे तीन श्लोक मी आधीही वाचले होते. तेव्हा मनात यायचं ते व्यायाम, अभ्यास, डाएट असलं काहीतरी. पहाटे उठणं कडू, पण शेवटी गोड. या वर्षी मात्र ते वाचताना मला माझं क्रेडिट कार्ड दिसलं. कुणाला हे चेष्टेचं वाटेल. पण गीता रणांगणावर सांगितली गेली आहे आणि आमच्यासारख्यांचं रणांगण हल्ली महिन्याच्या ५ तारखेला भरतं. म्हणून आज थोडं मोठं लिहितो. घरची गोष्ट आहे. बाबांना विचारून लिहितोय.

ती रात्र

मागच्या गणपतीत, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तीनच्या सुमारास बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला. शेजाऱ्यांची ईको काढली, सापगावचा पूल ओलांडला, शहापूरच्या सरकारी रुग्णालयात पोहोचलो. तिथल्या डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हार्ट अटॅक आहे, अँजिओग्राफीची सोय असेल तिथे ताबडतोब न्या. कागद भरताना सिस्टरनी विचारलं, "कार्ड आणलंय का?"

मी म्हणालो, "हो, आहे ना. क्रेडिट कार्ड आहे."

त्या रेशन कार्डाबद्दल विचारत होत्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी. मला ते कळलं, पण पुढे विचारायला मी थांबलो नाही. घाई होती हे खरं. पण घाईच्या खाली दुसरं एक वाक्य होतं, ते आज कबूल करतो : 'ती योजना गरिबांसाठी, आपण इंजिनिअर.'

कल्याणच्या बाजूच्या एका खासगी रुग्णालयात नेलं. दारातच अनामत रक्कम मागितली. मी कार्ड दिलं, मशीनने आवाज केला, दार उघडलं. त्या क्षणी त्या प्लास्टिकच्या तुकड्याइतकं गोड मला जगात काही वाटलं नाही. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, पाचव्या दिवशी बाबा घरी आले. एकूण बिल ३,१०,००० रुपये. शिल्लक होती ७०,०००. उरलेले २,४०,००० दोन कार्डांवर गेले.

कंपनीच्या विम्यात आई-वडिलांना घ्यायचं तर पगारातून वेगळा हप्ता कापला जातो. त्या वर्षी घराचे पत्रे बदलले म्हणून मी तो हप्ता टाळला होता. ही चूक माझीच.

मंडळी, त्या रात्री कार्ड वापरलं ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. बाप दारात तडफडत असताना व्याजाचा दर बघणारा मुलगा शहाणा म्हणवेल, पण मला तसं व्हायचं नाही. बाबांचा जीव वाचला ते सुख राजस नव्हतं. राजस सुख पुढच्या महिन्यात सुरू झालं.

गोड काय होतं?

पहिलं स्टेटमेंट आलं. वर मोठ्या अक्षरात एकूण देय रक्कम आणि तिच्याशेजारी एक छोटी रक्कम : किमान देय. ती छोटी रक्कम बघून मला हायसं वाटलं. एवढंच? एवढं तर जमेल. कुणाला काही सांगायला नको. आईला नको, बायकोला नको, मामाला नको. कुणापुढे हात पसरायला नको.

हे हायसं वाटणं म्हणजेच ३८ वा श्लोक.

मी रोज दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधून पगार घेतो. पण स्वतःचा साधा हिशोब मी आठ महिने मांडला नाही. तो असा होता. माझ्या कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्के. २,४०,००० वर ८,४०० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५१२. दोन्ही मिळून महिन्याला ९,९१२ रुपये नुसते निघून जाणार. मी किमान रकमेत थोडी भर घालून महिन्याला १२,००० भरत होतो आणि स्वतःला शिस्तीचा समजत होतो. म्हणजे मुद्दल फिटत होतं २,०८८. आणि त्याच कार्डावर दर महिन्याला बाबांची ३,००० ची औषधं घेत होतो. मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज चालू होतं. हे नियमांत लिहिलेलं असतं. मी वाचलं नव्हतं.

आठ महिन्यांत मी ९६,००० रुपये भरले. बाकी २,४०,००० ची २,४८,००० झाली. त्यातले ८०,००० च्या आसपास व्याज आणि करात गेले.

३९ वा श्लोकही याच काळात मी जगलो. चौथ्या-पाचव्या महिन्यापासून मी स्टेटमेंटचा मेल उघडणंच सोडलं. मेल आला की मोबाईल पालथा ठेवायचा आणि झोपायचं. रविवारी दुपारी जेवून दोन तास. झोप लागली की सगळं ठीक. भगवंतांनी झोप आणि बेफिकिरी एका ओळीत का बसवली ते मला तेव्हा उमगलं. तामस सुखात निदान गोडी तरी असेल असं वाटायचं. तीही नसते. फक्त भूल असते.

गोळ्यांची पट्टी

वैशाखातल्या एका रविवारी बाबांची औषधं भरायला बसलो. महिन्याच्या हिशोबाने ३० गोळ्या आणतो. महिना संपला होता आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांपैकी ११ शिल्लक होत्या.

"बाबा, या कशा उरल्या?"

"एक दिवसाआड घेतो. आता बरं वाटतंय मला."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डॉक्टरांनी कशाला सांगायला पाहिजे? तुझ्या कार्डवाल्याचा फोन माझ्या मोबाईलवर येतो. दोनदा आला. तू व्याज भरतोस, मी गोळ्या वाचवतो. दोघं मिळून फेडू."

एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे त्यांना याचा अर्थ कळेल. स्टेंट बसवल्यावर ही गोळी डॉक्टरांना न विचारता बंद केली किंवा चुकवत राहिलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अटॅक येऊ शकतो. ज्या जिवासाठी मी २,४०,००० चं कर्ज काढलं, तोच जीव माझ्या लपवण्यामुळे धोक्यात आला होता. बाबांनी गोळ्या लपवल्या, कारण मी कर्ज लपवलं. दोघांनी एकमेकांना जपायचं म्हणून एकमेकांना फसवलं. (जाता जाता सांगतो : वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, कर्जदाराच्या घरच्यांना त्रास द्यायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका महिन्यात माझा हप्ता उशिरा गेला होता, त्यानंतरचे ते फोन. तक्रार करता येते हे मला नंतर कळलं.)

पितृऋण हा शब्द आपण लहानपणापासून ऐकतो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण, ही तीन ऋणं घेऊनच माणूस जन्माला येतो असं आपली परंपरा मानते. कार्ड घासलं त्या रात्री मला आतून वाटलं होतं की मी पितृऋण फेडतोय. प्रत्यक्षात मी बाबांनाच माझे ऋणको करून ठेवलं होतं. ते स्वतःच्या घरात गोळ्या मोजत बसले होते. अशी कसली फेड?

खत कुणी बुडवायचं?

त्या संध्याकाळी मी भातसेच्या पुलावर जाऊन उभा राहिलो. डोक्यात एकच चित्र होतं, तुकोबांचं. आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. देहूच्या त्या घरात महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून मेली, तुकोबांची पहिली पत्नीही त्यात गेली असं परंपरा सांगते. पुढे तुकोबांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. लहानपणापासून मला ही गोष्ट ऐकली की मोकळं वाटतं. त्या संध्याकाळीही वाटलं, आपलीही दोन कार्डं टाकावीत भातसेत.

पण गोष्टीत एक बारकावा आहे, तो तेव्हा पहिल्यांदा टोचला. खतं बुडवली ती देणाऱ्याने. ऋणकोने नाही. आणि सगळी बुडवली नाहीत. धाकटे भाऊ कान्होबा यांच्याशी वाटणी करून, आपल्या वाट्याची तेवढीच बुडवली. भावाच्या वाट्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशावर उदार व्हायचं नाही, एवढा हिशोब त्या विरक्तीतही पक्का होता. म्हणजे ही गोष्ट मला सुटका देत नाही. ती सावकाराला सांगितलेली आहे. ऋणको म्हणून माझ्या हातात खत बुडवणं नाही.

मग धर्म फक्त ऋणकोलाच बांधतो का? तसंही नाही. आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे : एका वेळी मागायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता कामा नये. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे. तिथेच वसिष्ठांनी सांगितलेला दरही दिला आहे, महिन्याला शंभराचा ऐंशीवा भाग, म्हणजे सव्वा टक्का. (त्याच ग्रंथात पुढे वर्णानुसार दर बदलतो आणि खालच्या मानलेल्यांना जास्त व्याज पडतं, हेही लपवू नये. शास्त्रातलं आपल्याला सोयीचं तेवढंच वाचायचं, हाही एक लपवण्याचाच प्रकार.) इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनीही हिंदू ऋणकोंना दामदुपटीचं संरक्षण दिलं.

आजच्या कार्डाला ते संरक्षण नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वर्षाला ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. साडेतीन टक्के महिन्याचे म्हणजे वर्षाचे ४२. व्याजावर व्याज धरलं तर २० महिन्यांत रक्कम दुप्पट होते. मला हे अन्यायाचं वाटतं आणि तसं म्हणायला मी कचरत नाही. पण दर जास्त आहे म्हणून माझी सही खोटी ठरत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दोन्ही धरून ठेवणं जड जातं.

आपल्या ठाणे जिल्ह्याला तर कर्जाने माणूस बांधला जाणं नवीन नाही. तलासरी-डहाणूकडे आदिवासी माणूस लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचा आणि ते फेडायला वर्षानुवर्षं नवरा-बायको राबायचे. त्याला लग्नगडी म्हणत. १९४५ साली गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध उठाव केला. १९७६ साली वेठबिगारी कायद्याने बंद झाली. तरी दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर निघालेली कातकरी कुटुंबं आम्ही आजही बघतो, आणि त्या उचलीमागे कित्येकदा आजारपणच असतं. मी त्यांच्यासारखा बांधलेला नाही, तशी बरोबरी करणं पाप होईल. मला पगार आहे, पीएफ आहे, नातेवाईक आहेत. मग मी का अडकलो?

पुलावर उभं राहून जे उत्तर मिळालं ते लिहायला मला लाज वाटते, पण आजच्या चिंतनाचा गाभा तोच आहे. ते ८०,००० रुपये मी औषधाचे दिले नव्हते, बाबांच्या स्टेंटचेही दिले नव्हते. ते मी कुणाला सांगावं लागू नये म्हणून दिले होते. ४२ टक्के हा माझ्या गप्प बसण्याचा दर होता. 'आमचा मुलगा ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे' हे गावातलं वाक्य तसंच राहावं, याची ती किंमत.

आधी कडू

त्या रात्री जेवण झाल्यावर मी कागद घेऊन बसलो आणि आई, बाबा, बायको, तिघांसमोर सगळे आकडे वाचून दाखवले. दहा मिनिटांचं काम. माझ्या आयुष्यातली सगळ्यात कडू दहा मिनिटं. बायको काही बोलली नाही, उठून आत गेली. तिचं रडणं कर्जासाठी नव्हतं हे मला माहीत आहे. आठ महिने शेजारी झोपणाऱ्या माणसाने आपल्याला परकं धरलं, त्यासाठी होतं. ते फिटायला कर्जापेक्षा जास्त वेळ लागतोय.

आईने दुसऱ्या दिवशी सकाळी पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "विकायला नाही देत. गहाण ठेव आणि सोडवून आण." बँकेत सोनेतारण कर्ज वर्षाला १० टक्क्यांच्या आसपास मिळालं, १,००,०००. पीएफमधून आजारपणासाठी रक्कम काढता येते हे बायकोने शोधलं, ८०,००० मिळाले. किन्हवलीच्या मामाने ५०,००० दिले, बिनव्याजी. उरलेले १८,००० दोन पगारांतून भरले. कार्डं बंद केली. भातसेत टाकली नाहीत, रीतसर बंद करून बँकेकडून पत्र घेतलं.

मग एक नवाच प्रश्न उभा राहिला आणि मला तो कर्जापेक्षा अवघड वाटतो. आधी कुणाचं फेडायचं?

हिशोब सांगतो, ज्याचं व्याज जास्त त्याचं आधी. म्हणजे आधी सोनेतारण, मग बिनव्याजी मामा. कागदावर चोख आहे. पण यात एक वाकडेपणा आहे. जो व्याज लावतो, फोन करतो, नोटीस पाठवतो, त्याचं आपण आधी देतो. जो काहीच म्हणत नाही, त्याचं शेवटी. मेडिकलवाल्याची उधारी, मित्राचे पाच हजार, मामाचे पन्नास हजार. ज्याने माया केली त्याच्या मायेचीच त्याला शिक्षा. प्रेमाने दिलेला पैसा हा सगळ्यात स्वस्त पैसा म्हणून वापरायचा, याला मी धर्म म्हणू शकत नाही. आणि आईच्या हातातल्या पाटल्या मागे ठेवून मामाचे आधी दिले, तर बँकेचं व्याज विनाकारण वाढतं. तोही धर्म नाही.

मी किन्हवलीला गेलो आणि मामाला कागद दाखवला. म्हणालो, "मामा, या हिशोबात तुमचा नंबर शेवटी लागतोय. साधारण दीड वर्ष लागेल. चालेल का? नसेल तर मी क्रम बदलतो."

मामा हसले. म्हणाले, "मला शेवटी ठेवलंस याचं काही नाही. विचारायला आलास ते बरं केलंस. फक्त एक कर, या मामाच्या दारावरून जाताना रस्ता बदलू नकोस. पैसे घेतलेली माणसं रस्ता बदलतात, मग पैसेही जातात आणि माणूसही."

मला वाटतं या प्रश्नाचं उत्तर क्रमात नाहीच. न सांगता शेवटी ठेवलं तर तो मामाचा गैरफायदा. सांगून, विचारून शेवटी ठेवलं तर तो मामाचा वाटा. आकडा तोच, तारीख तीच, पण एकात मामा माझ्या हिशोबातली वस्तू आहेत आणि दुसऱ्यात माझ्याबरोबर ओझं उचलणारे. आणि एक गोष्ट कुठल्याच क्रमात बसत नाही : बाबांची गोळी. ती कर्जाच्या यादीत येताच कामा नये. ती रोजच्या भातासारखी. आधी ती, मग बाकी सगळे.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर

उपदेश नाही, मला उशिरा कळलेलं तुम्हाला लवकर कळावं म्हणून.

महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. आता ती केवळ पिवळ्या-केशरी कार्डांपुरती नाही, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. अँजिओप्लास्टी त्यात बसते. पण रुग्णालय योजनेत अंगीकृत असावं लागतं. म्हणून आपल्या भागात कुठली रुग्णालयं अंगीकृत आहेत ते आजच, सगळे ठणठणीत असताना, विचारून ठेवा. १५५३८८ हा योजनेचा क्रमांक आहे, आणि अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत दाराजवळ ठेवा. आमच्या घरी ती पिशवी आता देव्हाऱ्याखाली आहे.

धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिलेल्या योजनेप्रमाणे. आपण विचारत नाही, म्हणून आपल्याला कळत नाही.

डॉक्टरांना विचारून बाबांची काही औषधं जेनेरिक केली. महिन्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला. डॉक्टरांना विचारायला मला आठ महिने लाज वाटत होती. विचारायला लागलेला वेळ, एक मिनिट.

आणि कार्डावर फक्त किमान रक्कम भरायची वेळ आली, तर ती रक्कम भरा, पण त्याच दिवशी घरात एका तरी माणसाला सांगा.

आजचं मनन

अमृत मिळालं का, असं कुणी विचारेल. प्रामाणिकपणे सांगतो, अजून शेवट आलेला नाही. पाटल्या बँकेत आहेत. आईचे मोकळे हात भाकरी थापताना दिसतात आणि दर वेळी पोटात खड्डा पडतो. मामाचे ५०,००० बाकी आहेत. बायको आता दर रविवारी माझ्याबरोबर हिशोबाला बसते, पण मधूनच विचारते, "अजून काही आहे का, जे मला माहीत नाही?" मी नाही म्हणतो. ते खरं आहे. पण तिला विचारावं लागतं, हेही खरं आहे.

गोड काय झालं ते एवढंच. परवा रात्री बाबांनी जेवल्यावर सगळ्यांच्या समोर गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली आणि रिकामी पट्टी माझ्यापुढे धरून म्हणाले, "मोज." मोजली. एकही शिल्लक नव्हती.

मामा या वर्षीही वारीला गेले आहेत. काल फोन केला होता. पैशाचं काही बोलले नाहीत, पाऊस कसा आहे ते विचारलं. पेरणी झाली म्हणून सांगितलं.

आजचा अभ्यास : आपण घरातल्या कुणापासून एखादा आकडा लपवला आहे का? उधारीचा, पगाराचा, किंवा न घेतलेल्या गोळ्यांचा? आज रात्री जेवणानंतर तो एकाला सांगून बघा. कडू लागेल. ३७ वा श्लोक पुन्हा वाचा आणि मग सांगा.

प्रार्थना : पांडुरंगा, कर्ज फेडायची ताकद दे, आणि त्याआधी ते बोलायची दे. ज्यांनी व्याजाशिवाय दिलं त्यांना आम्ही विसरू नये. आणि कुठल्याही घरात कुणा बापावर गोळ्या वाचवायची वेळ येऊ नये.

उद्या श्लोक ४०.

राम कृष्ण हरी.